अंगी लागावं म्हणून

बाई समोरच्या बाईला 'कशी आहेस' असं विचारत नसत. तिच्या डोळ्याखाली अंगठा ठेवायच्या, खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायच्या आणि म्हणायच्या, "जेवनात निंबू टाकतं का वं?" बाजारात भेटलेली ओळखीची असो की बसमध्ये शेजारी बसलेली परकी, त्यातून कोणी सुटलं नाही. मंदिराच्या दर्शनाला आलेल्या एका शेठाणीची पापणीही त्यांनी भर रस्त्यात ओढून पाहिली होती. शेठाणी इतकी चकित झाली की रागवायचंच विसरली.

शिरपूरच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी कंपाऊंडर. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. डॉक्टर आठवड्यातून एकदा वाशीमहून येत. एरवी बाटल्या माझ्या आणि बाळंतपणं बाईंची. उंच, हाडकुळ्या, आणि चालणं असं की सोबतच्याला पळावं लागे. नवरा लग्नानंतर लवकरच गेलेला. बहीणही गेली, तेव्हा तिची तान्ही पोर बाईंनी उचलून आणली आणि वाढवली. तिचं नाव वच्छी. मी दवाखान्यात रुजू झालो तेव्हा वच्छी परकर सांभाळत माझ्या औषधांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायची, आणि निम्मी उलटी चिकटवायची.

लिंबाचं हे वेड बाईंना लागलं त्याला थोडासा मी कारण होतो. एका तांड्यावरची गरोदर बाई लोहाच्या गोळ्या नियमानं घ्यायची, तरी तिच्या पापण्या पांढऱ्या त्या पांढऱ्याच. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कडू लागते ना बाई. म्हनून च्यासंगं गिळतो."

मी सहज बोललो, "लोहाचं औषध आणि तुरट काढा आम्ही एका बाटलीत घालत नाही. काळं पडतं."

बाईंनी लगेच बिनदुधाचा चहा मागवला, गोळी कुटून त्यात टाकली. चहा शाईसारखा काळा झाला.

"पोटातही असंच होत असंल काय, कंपाऊंडर?"

"बहुतेक."

"बहुतेक नाई चालत मले."

डॉक्टर आले त्या दिवशी आधी रोगी नाही, तो कप त्यांच्यापुढे गेला. डॉक्टर हसले, पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो, मग ते अंगी लागत नाही, तसंच बाहेर जातं. भाजी-भाकरीतल्या लोहाचंही तेच. उलट लिंबू, आवळा, पेरू असं काही सोबत असलं, तर तेच लोह जास्त अंगी लागतं. बाई विद्यार्थिनीसारख्या उभ्या राहून ऐकत होत्या.

तेव्हापासून त्यांच्या पिशवीत एक कप कायम असे. कुठल्याही ओसरीवर बसत, चहा मागवत आणि सगळ्यांसमोर काळा करून दाखवत. एक म्हातारी म्हणाली, "माय वं! मंग पोटात का शाळा भरली हाय, इतकी शाई कायले पायजे?" सगळ्या बाया हसल्या. बाईही हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. "च्या सोडू नका. जेवन झालं का भांडे घासा, पानी भरा, मंग पेवा. आन हरभऱ्याच्या भाजीवर निंबू. निंबू नसंल त आवळा, आवळा नसंल त पेरू."

लग्नाच्या पंगतीत तर त्या पुरुषांच्या पानातल्या लिंबाच्या फोडी सरळ उचलत आणि शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या पोटुशा बायांना नेऊन देत. वरबापाच्या पानातलीसुद्धा. "तुमाले का बाळंत व्हाचं हाय?" एवढंच म्हणत. वरबाप काय बोलणार?

वच्छीचं लग्न धनजला झालं. माणसं शेतीवाडीची, खाऊनपिऊन बरी. वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. पण घरात जे चालत आलं ते चालायचं. सून सगळ्यांच्या मागून जेवायची, तोवर भाजी संपायची. भूक मारायला चहा, आणि जेवायला बसली की भाकरीसोबतही चहाच.

वच्छीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बाई तिला बघायला गेल्या. परत आल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कागदावानी पांढरी झाली हो पोरगी." तिथं चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यादेखत बाईंनी वच्छीच्या सासूला सांगितलं, की हिला आधी जेवू द्या, भाजीवर लिंबू द्या, जेवताना चहा देऊ नका. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सासवांना सांगत आल्या तसंच सांगितलं. पण इथं त्या नर्स नव्हत्या, मुलीकडच्या होत्या.

सासू म्हणाली, "आमी सुनेले उपाशी मारतो, असं चार बायांत सांगून राह्यल्या का तुमी?"

पहिल्या बाळंतपणाला वच्छी शिरपूरला यायची होती. बाईंनी खोली सारवून घेतली होती, जुनी लुगडी धुऊन मऊ करून ठेवली होती. आणायला माणूस पाठवला, तो एकटाच परत आला. सासूनं निरोप दिला होता, "इथं का दाया नाईत?" बाई पुन्हा स्वतः गेल्या. त्यांना ओसरीवर पाणी दिलं, वच्छीला दारापर्यंत येऊ दिलं, आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

मग एके दुपारी धनजचा माणूस धापा टाकत दवाखान्यात आला. मुलगी झाली होती, पण वच्छीचा रक्तस्राव थांबत नव्हता. बाई पिशवी घेऊन तशाच निघाल्या. धनज काही जवळ नव्हतं, आणि बसगाड्याही आजच्यासारख्या नव्हत्या.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, इंजेक्शनच्या काचेच्या पिचकाऱ्या उकळत ठेवताना, माझ्याकडे न बघता. "मी पोचलो तवा शुद्धीत होती. ओळखलं तिनं मले. मी सासूकडं पाह्यलं त पोरीले समजलं. म्हने, मावशे, तिले काई बोलू नको वं. तिले ठाऊक नोतं." पाणी उकळत राहिलं. "मंग काय बोलतो मी? नाई बोललो."

वच्छी गेली, पण बाईंनी कामात खंड पडू दिला नाही. तांड्यांवर जात, पापणी ओढून बघत, गोळ्या देत आणि उठत. एकदा मी सोबत होतो. एक सून म्हणाली, "बाई, आज काई सांगत नाई?"

बाई पिशवीचा बंद बांधत म्हणाल्या, "सांगतलं का लेकी माहेरी येत नाईत वं."

त्या पावसाळ्यात ओढ्याच्या कमरेइतक्या पाण्यातून एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेल्या, ओल्या अंगानं तिथंच बसून राहिल्या. बाळंतीण सुटली. बाईंना ताप भरला, तो छातीत उतरला. डॉक्टरांनी सगळं केलं. मीही बसून होतो. त्या गेल्या.

पोळा होऊन गेल्यावर एक म्हातारी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. पदराखाली तान्हं मूल. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "दादा, मी धनजची. वच्छीची सासू. नर्सबाई हायेत का?"

मी हातातली बाटली खाली ठेवली. तीच बोलत राहिली, पाठ करून आणल्यासारखी. "हे पोरगी त्याइच्या ओटीत टाकाले आणली. त्याइचीच हाय हे. त्या दिशी त्या मले काईच बोलल्या नाईत. शिव्या देल्या असत्या त आलो असतो मी आंधी. तोंड दाखवाचा धीरच होत नोता."

बाई गेल्याचं मी सांगितलं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "त्याइची खोली दाखवता?"

खोली रिकामी होती. नवी नर्स अजून यायची होती. बाईंच्या लोखंडी खाटेवर गादीसुद्धा उरली नव्हती. म्हातारीनं आपला पदर खाटेवर पसरला आणि नातीला ओटीत घालावं तसं त्यावर निजवलं. पोर हातपाय हलवत छताकडे बघत राहिली. म्हातारी हात जोडून शेजारी उभी होती. मग बसची वेळ झाली, तेव्हा तिनं पोरीला उचललं, पदराखाली घेतलं आणि मागं न बघता रस्त्याला लागली.