हात वर म्हणजे थांबा

शर्यत समितीच्या अध्यक्षांनी बावटाचाचांना फसवलं. दवाखान्यात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडून ‘चूक माझी’ असं लिहून घेतलं, बदल्यात एक शब्द दिला आणि तो शब्द पाळला नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं, हा गडी नुसता आठवणी काढत बसलाय.

बावटाचाचा विट्यात मोटारसायकलींच्या सीटची कव्हरं शिवायचे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आमच्या बाजूला सुगी झाली की माळावर शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांच्या शर्यती होतात. सगळा हौशी कारभार. आठवडाभर ज्या गाडीवरून दुधाच्या किटल्या जातात, तिचेच आरसे आणि इंडिकेटर रविवारी काढायचे आणि ती रेषेवर आणून उभी करायची. त्या रेषेवर चाचा असायचे. हातात लाल बावटा, स्वतः शिवलेला, चारी कडांना दुहेरी टीप मारलेला. बावटा वर असेतो कुणी हलायचं नाही, खाली आला की सुटायचं.

तो खाली यायला मात्र फार वेळ लागायचा. चाचा पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत चालत जायचे. प्रत्येकाच्या टाकीवर हात ठेवायचे, हेल्मेटची काच वर करायला लावायचे आणि त्याच्या डोळ्यांत बघायचे. मगच पुढची गाडी. मागून लोक ओरडायचे, “आवं चाचा, सोडा की! मुहूर्त टळला!” चाचा मागे न बघता म्हणायचे, “लग्नाचा टळला तर दुसरा काढता येतोय. बावटा एकदा पडला की पडला.”

रेषेवर नारळ फोडायची पद्धत. चाचा तेवढा वेळ बाजूला अदबीने उभे राहायचे आणि नारळ फुटला की खराटा घेऊन पुढे यायचे. करवंटीचा एकेक तुकडा वेचून पिशवीत भरायचे. एकदा कुणीतरी टोमणा मारला, “चाचा, देवाचा नारळ हाय, झाडताय काय?” चाचा म्हणाले, “देवाचा हाय म्हणून तर पायाखाली येऊ देत न्हाई. आन् टायरला कुठं कळतंय, देवाचा का भेळवाल्याचा?” टोमणा मारणाऱ्यानेच मग खाली वाकून दोन तुकडे उचलले.

पण चाचांची खरी लढाई होती ती एका हाताशी. आमच्याकडे बैलगाडीच्या शर्यतीत गाडीवान हात वर करतो, म्हणजे ‘मी तयार, सोडा’. बापजाद्यांपासून हे अंगात मुरलेलं. मोटारसायकलच्या रेषेवर नेमकं उलटं. गाडी बंद पडली की हात वर करायचा, म्हणजे बावटेवाला सगळ्यांना थांबवतो. नाहीतर बंद गाडी पुढच्या रांगेत आणि मागून वीस गाड्या अंगावर. चाचा प्रत्येक शर्यतीआधी सगळ्यांना गोळा करून सांगायचे, “हात वर म्हणजे थांबा. म्हणा.” मोठमोठे मिशीवाले गडी शाळेतल्यासारखे म्हणायचे, “हात वर म्हणजे थांबा.” मग चाचा म्हणायचे, “हात एकच हाय, अर्थ दोन. माणूस मरतो तो त्या दोन अर्थांच्या मधी.”

हे मला अंगावर शिकावं लागलं. मी मूळचा मेढ्याचा. पंक्चर काढता काढता गाड्या घ्यायला-विकायला लागलो, आज साताऱ्यात माझं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि विट्याच्या माळावर पुढच्या रांगेत माझी गाडी बंद पडली. लाजेने मी हात वर केलाच नाही. बावटा वरच होता. चाचा तिसऱ्या गाडीपासून परत आले, माझ्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, “थरथर न्हाई हिची. बंद हाय नव्हं?” मी मान खाली घातली. “लाज वाटली व्हय रं, मेढेकर? एक हात वर कराया लाजलास, तर मागनं चार खांदे लागत्याल.” एवढंच. पण त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. रागाने हरवतो, गोड बोलून हरवतो, उठून चालायला लागून हरवतो. चाचांपुढे काही चाललं नाही. मी कव्हराचा निम्मा भाव सांगितला, तर ते दोरा ओवता ओवता म्हणाले, “देतो की. निम्मी सीट शिवतो. बस निम्म्यावर.” मी तावातावाने उठून गेलो. परत आलो तेव्हा माझं कव्हर पुरं शिवून तयार होतं, आणि चहाही सांगून ठेवलेला होता.

गेल्या हिवाळ्यात समिती बदलली. नवे अध्यक्ष आले, स्टेज आलं, ढणाढणा वाजणारे स्पीकर आले, पाहुणे आले. अध्यक्ष म्हणाले, “चाचांनी बावटा धरावा, आपली परंपरा आहे. पण सुटायचा इशारा स्टेजवरून भोंग्याने होईल.” चाचांनी बावटा गुंडाळून काखेत मारला. “रेषा दिसती ती रेषेवरनं. स्टेजवरनं नुसती पाहुण्यांची टोपी दिसती,” म्हणाले आणि चालू लागले.

तेव्हा मध्ये पडलो मी. माझा धंदाच तो. दोघांना चहाच्या गाडीपाशी आणलं आणि सौदा जुळवला. चाचांचा बावटा खाली आल्यावरच भोंगा वाजेल, आधी नाही. अध्यक्षांनी माझ्या हातावर टाळी दिली. चाचा माझ्याकडे बघत राहिले. “तू म्हणतोस म्हणून,” म्हणाले. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी चाचांकडून काहीतरी कबूल करून घेतलं.

पाहुणे उशिरा आले. चाचा टाक्यांवर हात ठेवत निम्म्या गाड्यांपर्यंत पोचले होते. पहिल्या रांगेत लोणंदच्या मार्केटात कांद्याची पोती उचलणारा एक गडी होता. चाचा पुढे गेल्यावर त्याची गाडी बंद पडली. त्याने शिकवल्याप्रमाणे हात वर केला. चाचांनी ते पाहिलं आणि बावटा वर धरूनच त्याच्याकडे वळले. तेवढ्यात स्पीकरवरून आवाज आला, “हात वर झाला! गडी तयार हायती!” आणि भोंगा वाजला.

स्टेजवर माइक आणि भोंगा सांभाळणाऱ्या माणसाचा जन्म बैलगाड्यांच्या शर्यतीत गेला होता. त्याने हात पाहिला आणि जे रक्तात होतं तेच वाचलं. चाचा धावले, त्या गड्याला गाडीवरून ढकलून बाहेर काढलं. तो वाचला. मागच्या गाडीने चाचांना उडवलं. मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभा होतो. मीही ओरडलो, “थांबा! थांबा!” त्या स्पीकरपुढे माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

उजवा पाय मांडीत आणि गुडघ्यात मोडला. मिरजेच्या दवाखान्यात मी रोज जात होतो. एक दिवस मी गाडीच्या व्यवहारासाठी साताऱ्यात अडकलो आणि त्याच दिवशी अध्यक्ष कागद घेऊन तिथे गेले. पंचाने, म्हणजे चाचांनी, चुकीच्या वेळी बावटा पाडला, अपघात त्यामुळे झाला, असा मजकूर. चाचांनी खाली सही केली. मला कळलं तेव्हा मी कॉटपाशी उभा राहून आरडाओरडा केला. नर्सने बाहेर काढलं. परत आत गेलो तर चाचा शांत.

“अध्यक्ष म्हणले, समितीवर आलं तर शर्यतीच बंद व्हत्याल,” ते म्हणाले. “बंद झाल्या तर पोरं गप बसत्यात व्हय? डांबरीवर पळवत्याल, ट्रकांच्या मधनं. तिथं रेषा न्हाई, बावटा न्हाई.”

“आन् तुमच्या नावाचं काय?”

“नाव पाटीवर हाय की. कोण वाचतंय?” ते हसले. मग म्हणाले, “मी फुकट न्हाई दिली सही. तुझ्यासंगं ऱ्हाऊन शिकलोय. शब्द घेतलाय. फुडल्या शर्यतीपास्नं सुटायच्या आधी माइकवर सांगायचं, हात वर म्हणजे थांबा. आन् इशारा रेषेवरनंच. एवढंच मागितलं.”

“लिहून घेतलं?”

चाचांनी मान हलवली. त्यांनी लिहून दिलं होतं. घेतलं नव्हतं.

शिलाई मशीनचा पायटा दाबायचा तो पायच कायमचा निकामी झाला. चाचांचा मुलगा दूर तामिळनाडूत विट्याच्याच एका शेटच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या कामावर आहे. तो त्यांना न्यायला आला. गाडीत बसताना चाचांनी बावटा माझ्या हातात दिला. “शर्यत झाली की फोन कर,” म्हणाले. “माइकवर सांगितलं का, एवढंच सांग.”

मागच्या महिन्यात शर्यत झाली. मी सकाळपासून रेषेपाशी उभा होतो. स्वागत झालं, सत्कार झाले, नारळ फुटला, करवंट्या तिथेच पडून राहिल्या. माइकवरून सगळ्यांची नावं घेतली गेली. ते चार शब्द कुणी उच्चारले नाहीत. इशारा स्टेजवरूनच झाला. मी अध्यक्षांना गाठलं, तर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सही त्यांचीच आहे ना? मग विषय मिटला.” भोंगा वाजवणाऱ्याकडे गेलो. तो रडवेला होऊन म्हणाला, “दादा, झोप न्हाई मला. पर मला ह्याच गावात ऱ्हायचंय.” ज्याचा जीव वाचला तो लोणंदचा गडी शर्यतीला आलाच नव्हता.

मी आजवर शेकडो सौदे केले. हा एकच असा, की ज्यात माल गेला, शब्द गेला, आणि भांडायला समोर कुणी उभंसुद्धा राहत नाही. चाचांना मी अजून फोन केलेला नाही. त्यांचे दोन येऊन गेले, मी उचलले नाहीत.

अध्यक्षसाहेब, टाळी तुम्ही माझ्या हातावर दिली होती. सही चाचांची आहे, पण भोंगा तुमच्या स्टेजवरचा होता. बावटा माझ्या दुकानात खुंटीला आहे, दुहेरी टिपेचा, एक दोरा उसवलेला नाही. तो घेऊन मी पुढच्या शर्यतीला रेषेवर येणार आहे. त्याआधी मला सांगा, तिसऱ्यांदा फोन वाजला की चाचांना मी काय सांगू? की तुम्हीच उचलता आणि सांगता?