मुका तापमापक

यजमान गेले, मग त्यांचा संगणकही बिघडला आणि त्यांनी हौसेने जोडलेला गच्चीवरचा तापमापक मुका झाला. तो मी नुंगंबाक्कमच्या एका तमिळ दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तारा आपल्या लॅपटॉपला जोडल्या, जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या आणि हजेरी घेतल्यासारखा एकेक क्रमांक पुकारू लागला. दर वेळी भुवया उंचावून लाडाने म्हणे, "सोल्लु, राजा, बोल."

"कायमचा गेला का?" मी भीतभीत विचारले.

"नाही, अम्मा. नेमक्या क्रमांकाने हाक मारल्याशिवाय हे बोलतच नाहीत. सरांनी तो बदलला आणि कुणाला सांगितला नाही."

"सरही तसेच होते."

तो खळखळून हसला. तेवढ्यात पडद्यावर आकडा उमटला: एकतीस अंश.

"आता तुम्ही विचारा," म्हणत त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी कळ दाबली. इतके चटकन उत्तर मला संसारात कधी मिळाले नव्हते.