स्वखुशीने

“बाबूजी, आमचा नंबर कितवा हाय जी?”

मालधक्क्याच्या ऑफिसची खिडकी कमरेइतक्या उंचीवर होती. तांदळाच्या मिलचे मालक असलेले एक गृहस्थ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकायचे, मान तिरपी करून आत बघायचे आणि दर सोमवारी हाच प्रश्न विचारायचे. सरकारी खिडक्या इतक्या खाली का ठेवतात, हे तुम्हीही कधी वाकला असाल तर सांगायला नको.

“पहिला,” मी म्हणायचो.

“मंग गाडी काहून नाई येऊन राह्यली?”

भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान स्टेशनावर मी तेव्हा माल बाबू होतो. त्यांची आसगावकडे उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची छोटी मिल होती आणि तांदूळ जायचा केरळात. पूर्वी अशा माणसाला दोन-चार डबे मिळत. मग नियम बदलला. घ्यायची तर बेचाळीस डब्यांची अख्खी गाडी घ्या. लहान मिलवाल्यांनी रेल्वेचा नाद सोडला आणि ट्रक धरले. यांना दुसरा रस्ता नाही हे कळल्यावर ट्रकवाले म्हणतील तो भाव झाला.

या गृहस्थांनी मात्र मोटारसायकलवर गावोगाव हिंडून आणखी अकरा मिलवाले जमवले आणि आपल्या नावावर मागणी नोंदवली.

“माल बारा जणाईचा, नाव माझं. झाली ना अख्खी गाडी?”

झाली होती. आमच्या साहेबांनाही त्यात खोट काढता आली नाही, आणि त्यांनी प्रयत्न कमी केला नव्हता.

पण रेल्वेत रांगा अनेक असतात. सरकारी धान्य आधी, मग कोळसा, मग खत, मग आणखी कोणी, आणि सर्वांत शेवटी खासगी व्यापारी. त्या शेवटच्या रांगेत हे पहिले होते. एकदा मी ते कागदावर काढून दाखवलं. बराच वेळ कागद पाहून ते म्हणाले, “म्हंजे पयला पाट आमचा, पर पंगतच सगळ्याईच्या शेवटची!”

आणि स्वतःच खदखदून हसले. चौकातले लोक त्यांना ‘पहिला नंबर’ म्हणून चिडवायचे, तरी रागावले नाहीत. नियमांचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवायचे. “नियमात लिवलं हाय ना जी, मंग येईलच,” म्हणायचे. एवढा विश्वास आम्हा रेल्वेवाल्यांचाही नव्हता.

पाच महिने गेले. एका गुरुवारी सकाळी वरून निरोप आला: रिकामी गाडी निघाली आहे, दुपारी लागेल, नऊ तासांत भरा. मी त्यांना फोन केला. वाट पाहून कंटाळलेल्या अकरा जणांनी एकेक करून आपला माल केव्हाच ट्रकने पाठवला होता. उरला होता फक्त यांचा.

तरी ते धावत आले. “चार डबे भरतो जी. बाकी खाली जाऊ द्या.”

नियमात ते बसत नव्हतं. मी कागद ओढला आणि त्यांच्या वतीने लिहिलं, ‘माल तयार नसल्यामुळे मी माझी मागणी स्वखुशीने मागे घेत आहे.’

त्या एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं. “स्वखुशीने? हे कायले लिवता बाबूजी?”

“अशीच पद्धत आहे. करा सही.”

त्यांनी केली.

वर्षभराने धक्का बंद करायचं ठरलं. बंद करण्याआधी व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकायचं असतं, म्हणून मोठे साहेब आले. व्यापाऱ्यांतून हे एकटेच हजर होते, पिशवीतलं पुस्तक घेऊन. पुस्तक उघडायच्या आतच साहेबांनी तो कागद पुढे सरकवला.

“गाडी दिली होती, तुम्हीच नाकारली. ही सही तुमची?”

“हाव साहेब.”

“स्वखुशीने लिहिलंय. कोणी लिहायला लावलं होतं का?”

अक्षर माझं होतं. मी साहेबांच्या खुर्चीमागे फाईल धरून उभा होतो. पुस्तकाच्या पिशवीवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला घसा खाकरून एवढंच सांगायचं होतं की गाडी पाच महिने उशिरा आली आणि तो शब्द मी घातला. मी हातातली फाईल चाळू लागलो.

“नाई साहेब,” ते म्हणाले. “कोणी नाई.”

अहवालात लिहिलं गेलं, व्यापाऱ्यांकडून मागणी नाही. धक्का बंद झाला. पुढच्या हंगामात त्यांची मिल भंगारवाल्याने उचलली. माझी बदली झाली, तीही बढतीवर. ते मला पुन्हा भेटले नाहीत आणि मीही गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

मी बोललो असतो तर धक्का वाचला असता, असं मी म्हणत नाही. मला एक मेमो मिळाला असता, फार तर. त्या मेमोला मी घाबरलो, हे त्यांना दिसलं, आणि नियमाबाहेर कधी पाऊल न टाकलेला तो माणूस माझ्यासाठी साहेबांपुढे खोटं बोलला.