जांबोटीच्या म्हातारीचे डोळे

१९ नोव्हेंबर १९८३, शनिवार. दुपारी एकच्या सुमाराला मी खासबागेतल्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात, स्टुलावर उभी राहून भिंतीत खिळे ठोकत होते. आधीच सांगते – भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काही मानत नव्हते. बावीस वर्षं फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढलेल्या बाईला अंधाराचं काय वाटणार? आणि हे घडलं ते तर लख्ख दुपारी...

त्या शनिवार-रविवारी बेळगावात छायाचित्र उत्सव होता. सगळ्या स्टुडिओवाल्यांनी मिळून शाळा, वाचनालयं, मंगल कार्यालयं मागून घेतली होती. चार वाजता उद्घाटन. ह्यांचा उजवा हात अर्धांगानं गेला तेव्हापासून कॅमेराही मीच धरत होते, पण फोटोमागचा शिक्का ह्यांच्याच नावाचा. उत्सवात पहिल्यांदाच फोटोखाली माझं नाव लागणार होतं. ते मला हवं होतं. फार हवं होतं.

त्यासाठी मी लबाडी केली होती.

नियम असा की हात फिरवलेला, म्हणजे रिटचिंग केलेला फोटो चालणार नाही. माझा सगळ्यात चांगला फोटो मात्र नेमका तसाच होता. तेव्हा आमच्याकडच्या खेड्यांत कितीतरी माणसं एकही फोटो न काढता जायची. मग घरचे धावत स्टुडिओत यायचे – 'तेवढा एक फोटो काढा, आणि डोळे उघडून द्या.' प्रेताला भिंतीला टेकवून बसवायचं, फोटो घ्यायचा, आणि मग निगेटिव्हवर काम करायचं. डोळ्यातलं पांढरं अणकुचीदार पेन्सिलीनं भरायचं, बुबुळं चाकूच्या टोकानं खरवडून काढायची. नाकातला कापूसही तसाच खरवडून घालवायचा. जांबोटी गावच्या परशरामची आई वारली तेव्हा मीच गेले होते. तिला जिवंतपणी मी कधी पाहिलं नव्हतं, पण डोळे असे साधले की बघणारा थबकायचा. निवड करणारे थबकलेच. 'जांबोटीची आई' – आणि खाली माझं नाव.

फोटो लावून झाले. हातोडी पिशवीत टाकून दाराशी गेले, तर दार उघडेना. वाटलं, शिपाई बसाप्पानं चुकून कडी घातली. हाक मारली. थापा मारल्या. बाहेर व्हरांड्यात तो कुणाशी तरी बोलत होता, अगदी दाराला लागून. माझ्या हाका मात्र त्याला ऐकूच जाईनात. हातोडीनं फळी बडवली. बाहेरच्या गप्पा चालूच. खिडक्यांना गज होते. गजांतून हाक मारली – पटांगणात दोन बायका सडा घालत होत्या, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

घड्याळात दोन वाजत होते. चार वाजता कुणीतरी उघडेलच, असं म्हणून मी वळले आणि फोटोतल्या म्हातारीकडे लक्ष गेलं.

डोळे मिटलेले होते.

काचेवर ऊन आलं असेल म्हणून बाजूला झाले. मिटलेलेच. नाकात कापूस. मी जे जे घालवलं होतं ते सगळं परत आलं होतं... आता माझ्या धंद्याची गोष्ट ऐका. निगेटिव्हवरची पेन्सिल पुसता येते, पण खरवडलेलं कधी भरून येत नाही. तिथला फिल्मवरचा थरच गेलेला असतो. तसा प्रिंट निघूच शकत नव्हता.

मला आधी भीती वाटली ती चार वाजण्याची. दार उघडलं की समिती येणार, सगळे स्टुडिओवाले येणार, आणि प्रेताच्या फोटोखाली माझं नाव. मी फ्रेम उतरवली, प्रिंट बाहेर काढला. पर्समध्ये ब्रश आणि काळा रंग असायचाच. तुळतुळीत पानावरून पाणी ओघळावं तसा रंग कागदावरून ओघळला. पुसून परत लावला. पाच वेळा, सात वेळा. पापणीवर एक ठिपकासुद्धा टिकेना. फोटो काढूनच ठेवावा तर जागा रिकामी, आणि खाली नाव छापलेलं. घाम सुटला. खोली आखडत आल्यासारखी वाटायला लागली – मी डार्करूममधली बाई, मला कधी कोंडल्यासारखं झालं नव्हतं. त्या दुपारी झालं.

सव्वातीनला ब्रश ठेवला. फोटो होता तसा फ्रेममध्ये घालून लावला. पेन्सिल काढून माझ्या नावाखाली लिहिलं – 'मेल्यानंतर काढलेला फोटो. उत्सवाला पाठवताना डोळे मी रिटचिंगनं उघडले होते.'

मग दार ओढलं. उघडलं. बसाप्पा समोरच स्टुलावर बसलेला.

“कडी कशाला घातलीस रं?”

“एनात्री बाई, काय झालं? दार उघडंच हाय की! तुमी गप काम करत हुतासा म्हणून मी बी आत आलो न्हाय.”

“मी हातोडीनं दार बडवत होते!”

“मगाशी खिळं ठोकतानाच काय तो आवाज आला बघा. एक वाजता.”

चार वाजता समितीचे प्रमुख आले. वाचून त्यांनी चष्मा काढला. “बाई, नियम ठाऊक न्हाय तुमास्नी?”

“ठाऊक आहे. म्हणूनच लिहिलं.”

त्यांनी फोटो उतरवून माझ्या हातात दिला. नावाची चिठ्ठीही काढली. घरी सांगितलं तर हे म्हणाले, “एवढं नाव पायजे हुतं तर दुसरा शिक्का करून घ्यायचीस. मी काय आडवा आलतो?”

हे आजवर अनेकांना सांगितलं. कुणी म्हणतं कागद ओलसर असेल, कुणी म्हणतं तुझं डोकं फिरलं. पण तो प्रिंट माझ्याबरोबर समितीनंही पाहिला होता. मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

रविवारी पहाटे उठून मी तीच निगेटिव्ह लावून नवा प्रिंट काढला. डोळे उघडे, नाक स्वच्छ. दोन्ही प्रिंट पिशवीत घालून जांबोटीची पहिली बस पकडली. परशरामच्या घरी भिंतीवर म्हातारीचा फोटो होता, झेंडूचा हार घातलेला. त्यातलेही डोळे उघडेच होते. मी न विचारता तिचा फोटो उत्सवात लावला हे आधी कबूल केलं आणि पिशवीतले दोन्ही त्याच्या हातात दिले.

तो उंबऱ्यात उजेडाला गेला. त्याची बायकोही आली. दोघं बराच वेळ मिटल्या डोळ्यांच्या फोटोकडे बघत राहिली.

“ही आमची आई,” तो म्हणाला.

“आणि भिंतीवरची?”

त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोच म्हणाली, “वाईट वाटून घिऊ नगासा, आक्का. त्या बाईची वळख आमाला कदी पटलीच न्हाय.”

“मग इतके दिवस हार घालत होतासा?”

“घालत हुतो की. तुमी एवढं कष्टानं डोळं काढलासा... तुमास्नी कोण सांगणार?”

मी भिंतीवरची फ्रेम मागून घेतली. मागचे खिळे वाकवून उघड्या डोळ्यांचा फोटो काढला आणि मिटलेला आत बसवला. परशरामनं हार परत घातला. मग त्यांच्याकडची भाकरी खाऊन मी बसच्या फाट्याकडे चालायला लागले.