कोलकाता उद्ध्वस्त करायला गेले होते

कराडचं घर बंद करून कायमचं कोलकात्याला राहायला ये, असा निनादने, माझ्या मुलाने, वर्षभर धोशा लावला होता. तो तिथे न्यू टाउनला एका कंपनीत आहे. शेवटी मी म्हटलं, आधी आठवडाभर येऊन बघते, मग ठरवते. मी साधी चप्पलसुद्धा पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाही, तर शहर कशी घेईन?

या ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगते. आमचा कराडात फोटो स्टुडिओ होता. माझे यजमान फोटो काढायचे आणि मी रिटचिंग करायचे, पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीने, पुढे संगणकावर. लग्नाच्या मुलींचे मुरूम पुसले, मिटलेले डोळे उघडले, वारलेल्या आजोबांना नातवाच्या मुंजीच्या फोटोत नेऊन उभं केलं. हे गेले, स्टुडिओ बंद केला आणि मला हा उलटा छंद लागला. साधासुधा फोटो घ्यायचा आणि जग बुडून गेल्यावर तीच जागा कशी दिसेल ते करून बघायचं. कराडचा बाजार, आमची गल्ली, बसस्थानक, सगळं माझं उद्ध्वस्त करून झालंय. जन्मभर लोकांचे डाग काढले, आता बसून डाग लावते. शेजारच्या वहिनी म्हणतात, या वयात देवाचे फोटो करावेत हो. मी म्हणते, देवाला कुठे रिटचिंग लागतं!

तर फेब्रुवारीत निघाले. कराडहून पुण्यापर्यंत एसटी आणि पुढे विमान. पुण्याहून थेट विमान मिळतं, जेमतेम तीन तासांत पोचवतं. थंडीत सकाळी धुकं असतं, म्हणून शक्यतो दुपारचं घ्या. विमानतळापासून न्यू टाउन जवळ आहे, टॅक्सीला साडेतीनशेच्या आसपास लागतात.

न्यू टाउन बघून मी पहिल्यांदा काय म्हटलं असेल, तर "अरे, इथली माणसं कुठायत?" रुंद रस्ते, मध्ये झाडं लावलेली, काचेची ऑफिसं आणि एकमेकींपासून फटकून उभ्या असलेल्या उंच इमारती. निनादचं घर अकराव्या मजल्यावर. त्याची बायको केतकी बंगळुरूला नोकरी करते, महिन्यातून एकदा येते. आल्या आल्या त्याने मला घर दाखवलं ते एखाद्या एजंटासारखं.

"आई, लिफ्टला जनरेटर आहे, कधीच बंद पडत नाही. दवाखाना दहा मिनिटांवर. खाली ज्येष्ठांचा कट्टा आहे, संध्याकाळी सगळे जमतात. आणि मराठी मंडळही आहे, गणपती बसवतात."

"अरे हो, मी काय पैलतीराला लागलेय का? पाणी तरी पिऊ दे."

तो हसला आणि मला गीझर दाखवायला घेऊन गेला. टीव्ही सगळा वेळ चालू होता, कुणी बघत नसताना. वीज फुकट येते का, असं म्हणून मी तो बंद केला. जरा वेळाने बघते तर पुन्हा चालू.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी एकटीच बेहालाला गेले. नकाशात ते शहराच्या दुसऱ्या टोकाला दिसतं आणि आहेही. माझेरहाटपर्यंत टॅक्सी केली (वेळ बराच जातो, पाण्याची बाटली जवळ ठेवा), तिथून पुढे मेट्रो. ही मार्गिका नवी, स्वच्छ आणि स्वस्त आहे. स्टेशनाचा जिना उतरलात की मात्र वेगळाच नजारा. रिक्षा, बस, फळवाले, औषधांची दुकानं, आणि आत गल्लीत वळलं की लहान लहान कारखाने. कुठे लेथ फिरतोय, कुठे पत्र्याच्या पेट्या ठोकतायत. कोपऱ्यावर एक तेलेभाजाचं दुकान, म्हणजे आपलं भजीचंच, पण त्यात बटाट्याचा आलू चॉप मुरमुऱ्यांबरोबर देतात. वीस रुपयांत पोट भरलं. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्यांदा नाकात चढतो, दुसऱ्या घासाला सवय होते.

मी गल्लीचा फोटो काढायला लागले तर एक गृहस्थ पेट्यांच्या दुकानातून उठून चौकटीत येऊन उभे राहिले. साठीपुढचे असतील, अंगात बनियन, कमरेला लुंगी. त्यांना नको म्हणवेना. काढला फोटो. मग तिथल्याच बाकावर बसून मी फोनवर कच्चं काम सुरू केलं. माझी पद्धत ठरलेली आहे, आधी माणसं पुसायची. ते गृहस्थ माझ्या खांद्यावरून बघत होते.

"दीदी, हम किधर गया?"

"सब लोग चला गया, दादा. दुनिया खतम."

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते फारसं अशक्य वाटलं नसावं. मग मी पत्र्यावर गंज चढवला, भिंतींना भेगा पाडल्या, तारांवर वेली सोडल्या. आभाळाला हात लावावा लागला नाही, थंडीतलं कोलकात्याचं आभाळ तसंही राखाडीच असतं. शेवटी एका दारात लहानसा दिवा लावला. हा माझा नियम आहे. सगळं मोडलेल्या चित्रात एक तरी दिवा हवा, नाहीतर ते नुसतं भंगार दिसतं, बघणाऱ्याचा जीव त्यात गुंतत नाही.

"सब चला गया तो बत्ती कौन जलाया?" त्यांनी विचारलं.

"कोई रह गया होगा."

त्यांनी फोन जवळ घेऊन दार निरखलं. दार त्यांच्याच दुकानाचं होतं. "तो वो हम है," असं म्हणाले आणि समाधानाने परत पेटी ठोकायला बसले. निघताना त्यांनी मला मातीच्या कपातला चहा पाजला आणि पैसे काही घेतले नाहीत.

तिसरा दिवस मैदानात घालवला. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा, शेळ्या चरतायत, पोरं क्रिकेट खेळतायत, मला फार आवडलं. बाजूला फोर्ट विल्यम आहे, तो लष्कराचा भाग, तिकडे कॅमेरा वळवू नका. मी वळवला नव्हता, तरी एका जवानाने लांबूनच हाताने खूण केली. तिथून घाटावर गेले आणि बोटीने हुगळी पार करून पुन्हा आले. तिकीट किरकोळ, वारा भरपूर. गुडघ्यांना जपा, घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. संध्याकाळी निनाद विचारत होता की कसं वाटलं शहर. म्हटलं, छान आहे. तो लगेच म्हणाला, "इथे हवा पण बरी आहे थंडीत." हे त्याने त्या राखाडी आभाळाकडे पाठ करून सांगितलं.

शनिवारी मी त्याची इमारत करायला घेतली. खाली रस्त्यापलीकडून फोटो काढला, डाव्या कोपऱ्यात चहाची टपरी आणि मागे हा उंच मनोरा. दिवसभर त्यावर बसले. खरं सांगायचं तर यात पुसायला माणसंच फारशी नव्हती. खिडक्यांच्या काचा फोडल्या, गॅलऱ्यांचे कठडे लोंबकळवले, वरच्या मजल्यांवर जळाल्याचे डाग टाकले, रस्त्यावर गवत वाढवलं. चार वाजेपर्यंत काम सुरेख झालं. मी खूश होते.

रविवारी दुपारी त्याने वरणभात केला होता. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप पुढे केला. माझी चित्रं बघून तो नेहमी "भयंकर!" म्हणून हसतो. या वेळी हसला नाही. चित्र मोठं केलं आणि बोटाने एकेक मजला मोजत वर गेला.

"ही आपली खिडकी ना?"

"हो."

"इथे दिवा नाही लावलास."

मी त्याला चित्रकलेचं सांगायला लागले. की नजर रस्त्यावरून सरकत डावीकडे यायला हवी, तिथे काळोख जास्त आहे, म्हणून दिवा टपरीवर शोभतो. बोलता बोलता माझं मलाच कळलं की हे सगळं खरं असलं तरी उत्तर नाही. अख्ख्या इमारतीत त्या एका घराला मी ओळखत होते आणि तेही काळं करून मोकळी झाले होते.

"म्हणजे तू येणार नाहीस," तो म्हणाला.

"अरे, मी धडधाकट आहे अजून. तिथे माझं सगळं आहे. लिफ्ट, दवाखाना सगळं चांगलं आहे तुझं, पण तू माझी इतकी काळजी नको करूस."

"तुझी काळजी नाही करत मी." त्याने लॅपटॉप मिटला. "आई, मला करमत नाही गं इथे. घरी आलं की आवाज हवा म्हणून टीव्ही लावतो. केतकीला सांगितलं तर तिला वाटेल, मी तिला नोकरी सोड म्हणतोय. ती खूश आहे तिकडे. आता चाळिशीचा माणूस आईला काय सांगणार, मला सोबत हवी म्हणून? म्हणून ते लिफ्टचं सांगत बसलो."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तोही जरासा रडला. मग आम्ही खाली जाऊन त्या टपरीवर चहा प्यायलो, दोनदा. तिथला माणूस निनादला नावाने ओळखत होता. बिस्किटं न मागता पुढे आली. कुणाशी तरी तो रोज बोलतो, हे बघून बरं वाटलं आणि तेवढंच वाईटही वाटलं.

सोमवारी परतले. थंडीत जाणार असाल तर नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, संदेश जरूर आणा, पण दोन दिवसांत संपवा. मी आणलेले शेजारच्या वहिनींनी एका बैठकीत संपवले आणि मग देवाच्या फोटोंचा विषय काढला नाही.

खाली बेहालाच्या गल्लीचं चित्र देतेय. इमारतीचं देत नाही. चित्र म्हणून ते चांगलं आहे, पण ते बाहेरून बघणाऱ्या बाईने केलंय आणि त्या घरात माझा मुलगा राहतो.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतील, म्हातारपणी राहायला कोलकाता कसं आहे? मला नाही सांगता येणार. भाषा कळत नाही, न्यू टाउनला भाजी आणायलासुद्धा गाडी लागते, आणि कराडातल्या माझ्या मैत्रिणी, माझं अंगण, ह्यांची खुर्ची, सगळं मागे सोडावं लागतं. चार दिवस मी हे सगळं तोलत बसले. जाण्याच्या बाजूला काही केल्या काही पडेना. मग लक्षात आलं की मी फक्त माझं तोलतेय.

काल त्याला फोन केला. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता.

"निनाद, मला तिथे करमेल का, ते मला माहीत नाही. तुला करमावं म्हणून येतेय."

टीव्ही बंद झाला. मग तो एवढंच म्हणाला, "कधी?"