फ्रिजशेजारची ओली गोधडी

नव्वदीच्या दशकात आम्ही खांदेश्वरला राहायला गेलो. स्वयंपाकघर इतकं लहान की फ्रिज हॉलमध्ये ठेवावा लागला. त्याच्याच शेजारी सासरे जमिनीवर गोधडी घालून झोपत. आयुष्यभर बाजारात पोती वाहिलेला माणूस. पलंगावर त्यांना झोप लागत नसे.

एका हिवाळ्यात त्यांची गोधडी सकाळी ओली निघू लागली. आम्ही समजायचं ते समजलो. मी नाकाला पदर लावून गोधडी उचलायची, थेट फिनेलच्या बादलीत टाकायची, फरशी पुसायची आणि डब्यांना लागायची. कॅलेंडरवर दूध, गॅस, इस्त्री यांच्या खुणा असत. त्यातच ओल्या दिवसांची फुली करू लागले. डॉक्टरांना दाखवायला बरी.

"सूनबाई, सांजच्यापासनं घोटभर पाणी न्हाई प्यालो गं," सासरे भिंतीकडे बघत म्हणाले. "तरी कसं झालं?"

नवरा दाढी करत होता. "अण्णा, तुम्ही आता गावी दादाकडे राहा. इथं हिनं किती करायचं?"

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी दुपारचा चहाही बंद केला. ओठ फुटले, लघवीला जळजळ सुरू झाली. थोरले दीर रविवारी त्यांना साताऱ्याला न्यायला येणार, असं ठरलं.

त्या गुरुवारी फिनेल संपलं होतं. गोधडी हातात घेऊन उभी राहिले आणि पदर सरकला. लघवीचा वास नव्हताच. कोथिंबिरीचा होता.

कॅलेंडर काढलं. सगळ्या फुल्या गुरुवारी आणि रविवारी. बुधवारी आणि शनिवारी झोपताना मी फ्रिजचं डिफ्रॉस्टचं बटण दाबत असे.

फ्रिज पुढे ओढला. वितळलेलं पाणी ज्यात जमायला हवं तो मागचा ट्रे कोरडा, धूळ बसलेला. आत भाजीचा ड्रॉवर काढला तर खाली पाणी साचलेलं, तेच दाराच्या रबराखालून बाहेर येत होतं. पाणी मागे जायचं भोक बंद होतं. मोडक्या छत्रीची तार घातली, तर शेवंतीच्या कुजक्या पाकळ्यांचा गोळा निघाला. गुरुवारच्या पूजेची फुलं आदल्या दिवशी आणून मीच कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची. भोकात कोमट पाणी ओतलं, ते मागच्या ट्रेत उतरलं. दहा मिनिटांचं काम.

सासऱ्यांना हाताला धरून फ्रिजमागे नेलं. "मामंजी, फ्रिज गळत होता. तुमचं काही नव्हतं. हे बघा."

त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लई गुणाची हाईस," ते म्हणाले. "म्हाताऱ्याची लाज राखतीस."

"अहो, खरंच सांगतेय!"

"व्हय, व्हय."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी ओठ ओले केले, तेवढेच. मग तांब्या खाली ठेवून विचारलं, रविवारची गाडी किती वाजता आहे.