दोन रेघांचे ठोकळे

रुग्णालयाच्या तळघरात बत्तीस वर्षं काम करणाऱ्या ताईंचा एकच वैरी होता, भांडारवाला. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवायची आणि यंत्राच्या पात्याने तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हे ताईंचं काम. पाती बोथट व्हायची. नवी मागितली की भांडारवाला कपाळाला आठ्या घालून आधी वहीत सही घ्यायचा. "ताई, पाती खाता की काय?"

ताईही काही कमी नव्हत्या. जो ठोकळा पात्याची वाट लावेल, त्याच्या कडेला पेन्सिलीने दोन रेघा मारायच्या. भांडणात पुरावा हाताशी हवा! बाकीच्यांवर एकच रेघ. आणि गंमत म्हणजे, धार जायला गाठ कधीच कारण नसायची. गाठीभोवतीचं मांस ताठ आणि चिवट झालेलं असलं, की पातं तिथे अडायचं.

निवृत्तीला आठवडा उरला आणि फर्मान आलं: जागा नाही, जुने ठोकळे शुक्रवारी भट्टीत. उभ्या आयुष्याचं काम जळणार होतं.

त्याच दुपारी नवीन डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकापुढे डोकं धरून बसल्या होत्या. "गाठी सारख्या, पेशी सारख्या. मग एकाचा कॅन्सर पसरतो, दुसऱ्याचा नाही, असं का हो, ताई?"

"तुम्ही सगळे गाठीतच डोळे घालून बसता," ताई फणकारल्या. "जरा शेजारपाजारही बघा की!" आणि त्यांनी रेघांची हकिगत सांगितली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन रेघांचे वीस ठोकळे घेतले, एका रेघेचे वीस घेतले आणि त्या रुग्णांच्या फायली उपसल्या. दोन रेघांच्या वीस जणांपैकी चौदा जणांचा कॅन्सर परत आला होता. एका रेघेच्या वीस जणांपैकी तिघांचा.

"भोवतालचं मांस ताठ झालं की पेशींना पसरायला बळ मिळतं, असा माझा संशय होताच. पण एवढ्या वर्षांच्या खुणा आणायच्या कुठून?"

"माझ्याकडून!" ताई म्हणाल्या. इतका आनंद त्यांना कधीच झाला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी हे आकडे वर कळवले आणि वरून चिठ्ठी आली: एकही ठोकळा हलवायचा नाही, सगळे नव्याने तपासायचे, आणि ताईंना आणखी वर्षभर ठेवायचं.

शुक्रवारी भट्टीची गाडी रिकामी परतली. मागोमाग भांडारवाला जिना उतरून आला, काखेत नव्या पात्यांचे चार डबे.

"मी भांडलो म्हणून रेघा मारल्यात. अर्धं श्रेय माझं."

"सही कुठे करू?" ताईंनी विचारलं.

"राहू द्या हो," तो म्हणाला आणि डबे टेबलावर ठेवून गेला.